आमदारसाहेबांचा परिचय

एप्रिल लागला की आखातातल्या आमच्या रुवैस गावच्या स्टेशनरीच्या दुकानात चार्टपेपर संपतो. आधी पांढरा, मग पिवळा, आणि माझ्यासारख्या उशिरा जाग्या होणाऱ्या आयांच्या वाट्याला तो मळकट जांभळा येतो. हापूसच्या पेट्या विमानानं येतात, खजुरांना हिरव्या मण्यांचे घोस धरतात, समुद्रावरून चिकट वारा सुटतो आणि घरोघरची जेवणं टेबलावरून सोफ्यावर हलतात, कारण टेबल कात्र्या, डिंक आणि थर्माकोलनं व्यापलेलं असतं. भारतात परीक्षांचा हंगाम असतो तसा आमच्याकडे हा प्रोजेक्टचा हंगाम. बाकीच्या आया ह्या दिवसांत कपाळावर हात मारून घेतात. मला मात्र हे दिवस मनापासून आवडतात, आणि त्याचं कारण एक अमेरिकन आमदार आहे.

काल शेजारची मिनू हातात चिठ्ठी नाचवत आली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला कुणीतरी दाढीवाला शास्त्रज्ञ आलाय. आमची रेवती आता अकरावीत आहे, तिची स्वतःची परीक्षा डोक्यावर आहे, पण तिनं पुस्तकं बाजूला सारली आणि काळी लोकर घेऊन दाढी बनवायला बसली. लोकर कापता कापता तिची टकळी चालू होती. “फेमस माणूस मिळाला ना तुला? मग काय मजा नाही. एव्हरीबडी ऑलरेडी नोज हिम.” मी स्वयंपाकघरात कैऱ्या किसत होते. ही मुलगी एके काळी तोंडातून ब्र काढत नव्हती हे मिनूला सांगून पटलं नसतं.

रेवती पाचवीत असतानाची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात तिला नाटकात एक वाक्य होतं. एकच. ती रंगमंचावर आली, उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली. पडद्यामागून मिसनं ते वाक्य कुजबुजून सांगितलं, मग जरा मोठ्यानं सांगितलं, मग सगळ्या हॉलला ऐकू गेलं, पण रेवतीच्या ओठांपर्यंत काही ते पोचलं नाही. तेव्हापासून वर्गात हात वर करणं बंद. “आय ॲम नॉट अ टॉकिंग पर्सन, आई,” असं ती मला शांतपणे सांगायची, जणू रक्तगट सांगतेय. मी ज्या घरातून आले तिथं जेवताना बोलायला नंबर लावावा लागतो. मूल अभ्यासात मागे पडलं तर शिकवणी लावता येते, हिला काय लावायचं, हे कळत नव्हतं.

तर त्या एप्रिलात शाळेनं थोरामोठ्यांच्या आयुष्यांचं प्रदर्शन ठरवलं. अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा, त्यामुळे माणसंही बहुतेक अमेरिकन. प्रत्येक मुलानं एक चिठ्ठी उचलायची, त्या माणसाचा वेश करायचा आणि लोकांना त्याचं आयुष्य सांगायचं. कुणाला राष्ट्राध्यक्ष मिळाले, कुणाला अंतराळवीर, कुणाला गायिका. रेवतीच्या चिठ्ठीतला माणूस मात्र कुणालाच माहीत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ राज्याच्या विधानसभेतला एक सदस्य. नाव लांबलचक. आमच्या घरात तो पहिल्या दिवसापासून ‘आमदार’ झाला.

मला वाटलं, पोरगी रडणार. ती गाडीत बसली तीच हसत. “नोबडी नोज हिम. सो नोबडी विल कम. आय डोन्ट हॅव टू टॉक.” एवढा आनंद तिला वाढदिवसालाही झाला नव्हता. मी गाडी चालवत राहिले आणि लांबवर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत पाहत राहिले. ह्या अनोळखी माणसाच्या कोटामागे माझी मुलगी आयुष्यभर लपून राहील की काय, असं मला तेव्हा वाटलं.

त्याच महिन्यात माझे सासरे, नाना, विट्याहून आमच्याकडे आले होते. बाजारपेठेतलं हार्डवेअरचं दुकान पुतण्याच्या हवाली करून पहिल्यांदाच परदेशात. पहिल्या आठवड्यातच ते ‘चला’ म्हणायला यल्ला, ‘पुरे’ म्हणायला खलास आणि देवाच्या मर्जीवर सोडायला इन्शाल्ला हे तीन अरबी शब्द शिकले आणि तेवढ्यावर अख्खा देश चालवू लागले. सकाळी कॉम्प्लेक्समधल्या कडुनिंबांखालून चक्कर, पाणी घालणाऱ्या पठाणाशी हिंदीत देशोदेशीच्या शेतीची चर्चा, मग केरळी किराणावाल्याकडे उगाच बसणं. पण नानांचा खरा धंदा खिळे विकणं नव्हताच. विट्यात कुठलाही कार्यक्रम असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो की कुस्त्यांचं मैदान, प्रमुख पाहुण्यांचा परिचय नानांनीच करून द्यायचा हे ठरलेलं. प्रास्ताविक कुणीही करो, दीप कुणीही लावो, परिचय नानांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांनी माझ्या वडलांचा असा परिचय करून दिला की माझी आई शेजारणीला म्हणाली, हे नक्की आमच्यांबद्दलच बोलताहेत ना?

संध्याकाळी मी संगणकावर आमदाराचं पान उघडलं. चारच ओळी. शेतावर जन्म. गावच्या शाळेत शिक्षण. व्यापार. विधानसभेवर दोनदा निवड. रस्ते समितीचा सदस्य. तिसऱ्या वेळी पराभव. मृत्यू. शेजारी एक फोटो: भरघोस मिशी, कडक कॉलर, आणि कॉलर टोचत असल्याचा चेहरा.

“व्यापार कसला?” नानांनी विचारलं.

रेवतीनं पडद्याजवळ नाक नेऊन वाचलं. “हार्डवेअर. लाइक, नेल्स अँड स्टफ.”

नाना खुर्चीतून उठलेच. “अगं रेवा, मग हा आपल्या लाइनचा माणूस की!”

त्या क्षणापासून आमदार आमच्या घरी राहायला आला. मी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांतून नमुने येतात, मी आकडे काढते आणि आकडे पुढे जातात. तेल कसं चमकत होतं, त्याला कसला वास होता, हे कुणी विचारत नाही. आमदाराच्या त्या चार ओळी वाचताना मला नेहमी तेच वाटायचं. आकडे बरोबर, माणूस गायब. नानांना मात्र त्या चार ओळी पुरेशा होत्या. त्यांनी आयुष्यभर त्याहून कमी भांडवलावर पाहुणे उभे केले होते.

“बटणं बघ,” फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले. “सगळी जागच्या जागी. घरात लक्ष ठेवणारं माणूस होतं. आणि कोपर बघ, टेबलावर टेकून टेकून कोट चकाकलाय. म्हणजे गल्ल्यावर स्वतः बसणारा. नोकरांवर टाकून हिंडणारा नव्हे.”

रेवती फोटो मोठा करून कोपर बघायला लागली. ती इंग्रजीत बोलायची, नाना मराठीत, आणि दोघांचं उत्तम चालायचं. टेबलावर आमचा जांभळा चार्टपेपर पसरलेला, खिडकीबाहेर हिरवळीवरची कारंजी चिकचिक करतायत, वाटीत हापूसच्या फोडी, आणि आजोबा-नात बर्फातल्या त्या गावाचे रस्ते आखतायत. दुकान कुठे, चर्च कुठे, घोडे कुठे बांधायचे. रस्ते समितीवर का गेला? नाना म्हणाले, “हार्डवेअरवाल्याला रस्त्याची किंमत कळते. रस्ता खराब असला की माल यायला उशीर, आणि शिव्या आपल्याला.” रेवतीनं ते लिहून घेतलं. शिव्यांचं मात्र तिनं कॉम्प्लेंट्स केलं.

मग परिचय कसा लिहायचा ह्याची शिकवणी सुरू झाली. नानांचे नियम पक्के होते. पाहुणा फारसा शिकलेला नसेल तर ‘अनुभवाच्या शाळेत शिकलेले’ म्हणायचं. फारसं काही केलेलं नसेल तर ‘प्रसिद्धीपासून दूर राहणारे’. तापट असेल तर ‘स्पष्टवक्ते’. आणि चिक्कू असेल तर ‘साधी राहणी’.

“बट दॅट्स लाइंग, नाना.”

“खोटं कुठाय त्यात? उजेडाच्या बाजूनं बघायचं माणसाकडं, एवढंच.”

रेवतीला पटत नव्हतं. ती बोलत नसली तरी तिच्या डोक्यात सगळं चोख असायचं. तिनं एकेक वाक्य तपासायला घेतलं. हे कशावरून? हे कुठे लिहिलंय? नानांना इतक्या वर्षांत असा श्रोता भेटला नव्हता. विट्यात लोक टाळ्या वाजवायचे आणि चहाकडे बघायचे. इथे पोरगी पेन्सिल घेऊन त्यांच्या विशेषणांना कात्री लावत होती, आणि ते तक्रार करता करता खूश होत होते.

गाडी अडली ती पराभवापाशी. नाना म्हणाले, परिचयात पाहुणा निवडणुकीत पडला होता हे कधी सांगत नाहीत. भर सभेत माणसाला कशाला खाली बघायला लावायचं? रेवती म्हणाली, पण तो पडला होता. ते गाळलं तर तो तो राहत नाही. दोघंही हट्टी. शेवटी तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि सरळ विचारलं, “नाना, डिड यू एव्हर लूज?”

माझा हात कणकेत थांबला. नाना एकदा नगरपालिकेला उभे राहिले होते आणि सपाटून पडले होते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं, विक्रमनं, मला ते लग्नाआधी एका ओळीत सांगितलं होतं आणि हा विषय काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. इथे ती सगळी पथ्यं आमच्या लेकीनं आंब्याची फोड तोंडात टाकता टाकता मोडली.

“हो. पडलो की,” नाना म्हणाले आणि हसायलाच लागले. “आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान रोजच्यापेक्षा लवकर उघडलं. ज्यांनी मत दिलं नव्हतं ना, त्यांना दुकानात यायला लाज वाटली असती. म्हटलं, आपणच हसत बसावं. दिवसभर रांग होती बघ. कुणाला बिजागरी पायजे, कुणाला कडी. घरात बिजागऱ्या असलेली माणसंसुद्धा बिजागऱ्या घेऊन गेली.”

रेवती किती हसली. हसता हसता तिनं विचारलं, अमेरिकेतही असंच झालं असेल का? नाना म्हणाले, “गाव म्हटल्यावर झालंच असणार. इन्शाल्ला.” ते वाक्य तिनं आमदाराच्या कागदावर घातलं. मीही अडवलं नाही. त्या चार ओळींत त्याची पराभवानंतरची सकाळ कुणी लिहून ठेवली नव्हती. आमच्याकडे एक जादा होती, ती त्याला दिली.

मला अजून त्या दिवसांचे आवाज आठवतात. दुपारी कामावरून आले की दारातच नानांचा सभेतला खर्जातला आवाज, आणि त्याच्यामागून एक बारीक आवाज, तीच वाक्यं इंग्रजीत. आधी दिवाणखान्यात मी शिरले की तो बारीक आवाज बंद व्हायचा. मग मी बूट काढेपर्यंत चालू राहायला लागला. मग पाणी पिईपर्यंत. मी मुद्दाम सावकाश पाणी प्यायला शिकले. घरात एवढं सुख होतं की विक्रम शिफ्टवरून आला तरी झोपायला न जाता सोफ्यावर पडून आमदाराचे रस्ते ऐकत बसायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी त्याची शिफ्ट होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. रेवतीला कडक पुठ्ठ्याची कॉलर, विक्रमचा जुना कोट, लोकरीची मिशी. नानांनी कोल्हापुरी फेटा बांधला आणि माझ्या पर्समध्ये एक शाल आणि सुपरमार्केटमधला सोललेला नारळ ठेवला. परिचय झाला की सत्कार आलाच. गेटवरच्या मल्याळी गार्डनं नारळ पाहून विचारलं, “मॅडम, पूजा है क्या?” नाना म्हणाले, “नहीं भाई, आमदार का सत्कार है.” त्यानं आदरानं गेट उघडलं.

हॉलमध्ये शिरलो आणि आमचं काय चुकलंय ते कळलं. मुलं रांगेनं खुर्च्यांवर पुतळ्यासारखी बसली होती. प्रत्येकाच्या शेजारी स्टँडवर कागदाचं लाल बटण चिकटवलेलं. बटण दाबलं की पुतळा जिवंत होऊन बोलायचा, “मी राष्ट्राध्यक्ष, मी अमुक साली तमुक केलं.” म्हणजे प्रत्येक थोर माणूस स्वतःच स्वतःची ओळख करून देत होता. शाळेच्या सूचनेत हे स्वच्छ लिहिलं होतं, आम्ही तिघांनी ती वाचलीही होती. पण पाहुणा आपणच आपला परिचय करून देईल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. आमच्यात पाहुणा खाली मान घालून बसतो आणि कौतुक दुसरा कुणीतरी करतो. रेवतीला तोंडपाठ होतं ते सगळं दुसऱ्यानं म्हणायचं होतं.

“हे बरं नाही,” नाना हळूच म्हणाले. “स्वतःच्या तोंडानं?”

रेवती खुर्चीत बसली. शेजारी अंतराळवीर होता, गुबगुबीत पांढऱ्या पोशाखातला एक मुलगा. त्याच्या बटणापुढे गर्दी. पलीकडे गायिका, तिथेही गर्दी. आमच्या आमदारापुढे येऊन लोक नावाची पाटी वाचायचे, भुवया उंचवायचे आणि पुढे सरकायचे. तिनं ठरवलं होतं अगदी तसंच होत होतं. कुणी येत नव्हतं, बोलायची वेळ येत नव्हती. मी तिच्या चेहऱ्यावर सुटकेची खूण शोधत होते. ती नव्हती. पुठ्ठ्याच्या कॉलरवर तिची मान ताठ होत चालली होती आणि खुर्चीखाली पाय हलत होते. अंतराळवीर पुन्हा एकदा चंद्रावर गेला तशी तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळेही भरून आले. तिला बोलायचं होतं. त्या बिचाऱ्या माणसासाठी तिला बोलायचं होतं.

नानांनी घसा साफ केला. त्यांचा घसा साफ झाला म्हणजे माईक लागतो हे मला माहीत होतं. मी त्यांची बाही धरली. “नाना, थांबा. जरा थांबा.”

तेवढ्यात रेवतीच खुर्चीतून उठली. पुतळ्यानं उठायचं नसतं, मिस लांबून बघत होती. रेवती खुर्चीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाली, “लेडीज अँड जंटलमेन, आजचे आपले प्रमुख पाहुणे.” एवढे चार शब्द मराठीत, कारण त्यांना इंग्रजी तिला माहीत नव्हतं. पुढचं इंग्रजीत, पण थांबे सगळे नानांचे, हातवारे नानांचे, आवाज चढवण्याच्या जागाही नानांच्या. घरातल्या सगळ्यांना चहा मिळाला का बघून मगच स्वतः पिणारा दुकानदार. रस्त्यावरचे खड्डे पायांनी मोजलेला आमदार. लोक वळले. अंतराळवीराच्या पुढची गर्दी इकडे सरकली. परिचय संपवून ती पुन्हा खुर्चीत बसली, मिशी सारखी केली आणि लाल बटणाकडे बोट दाखवलं.

काळा पायघोळ अबाया घातलेल्या एक वयस्कर बाई नातवाचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी हसत बटण दाबलं. आणि आता रेवती ‘मी’ म्हणून बोलायला लागली. जे तिनं दुसऱ्याबद्दल पाठ केलं होतं, ते तिथल्या तिथे स्वतःचं करत गेली. मी दोनदा निवडून आलो. मग मी हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान लवकर उघडलं. बिजागऱ्यांपाशी लोक हसले, त्या बाईही हसल्या आणि नानांकडे वळून हिंदीत म्हणाल्या, “ये बच्ची तुम्हारा?” नानांनी मान हलवली. मग त्यांना आपलं कर्तव्य आठवलं. सत्कार घरच्या माणसाच्या हातून करत नाहीत, म्हणून त्यांनी शाल आणि नारळ त्या बाईंच्याच हाती दिला. त्यांनी काही न विचारता शाल रेवतीच्या खांद्यावर घातली आणि नारळ तिच्या मांडीवर ठेवला. बर्फाळ राज्यातल्या त्या माणसाचा सत्कार त्याच्या हयातीत झाला होता की नाही, माहीत नाही. आमच्या रुवैसमध्ये मात्र तो अगदी रीतसर झाला.

सगळं आटोपलं असं वाटत असतानाच अंतराळवीर आपलं हेल्मेट काखेत घेऊन पुढे आला. गर्दी गेल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. “यू लॉस्ट,” तो म्हणाला. “यू आर नॉट इव्हन फेमस. व्हाय शुड एनिबडी रिमेंबर यू?”

हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता. रेवतीनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. हॉल शांत झाला. ती शांतता माझ्या ओळखीची होती, आदल्या वर्षी रंगमंचावर तीच होती. मी नानांची बाही सोडलीच नव्हती, ती अजून घट्ट धरली. शाल तिच्या एका खांद्यावरून घसरत होती. ती शांतपणे तिनं वर ओढून घेतली.

“नोबडी रिमेंबर्स मी,” रेवती म्हणाली. “दॅट्स व्हाय आय ॲम टॉकिंग.”

“काय म्हणाली?” नानांनी मला विचारलं. त्यांना कळलं होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं.

“कुणाला मी आठवत नाही,” मी म्हणाले, “म्हणून तर बोलतोय.”

नानांनी फेटा काढून हातात घेतला. आयुष्यभर कुठलीही सभा आपल्या दोन शब्दांशिवाय त्यांनी संपू दिली नव्हती. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत, हॉलमध्ये नाही, पार्किंगमध्ये नाही, गाडीतही नाही. आणि त्याची गरजही नव्हती. घर येईपर्यंत गाडीत रेवती एकटीच बोलत होती.